मूत्रपिंडातले बिऱ्हाड

१९०५ च्या उन्हाळ्यात न्यू ऑर्लिन्सला पिवळ्या तापाची साथ आली. अमेरिकेच्या भूमीवरची ही या तापाची शेवटची मोठी साथ. त्या साथीत दगावलेल्या काही जणांच्या अवयवांचे तुकडे जपून ठेवलेले होते. १९०७ मध्ये अमेरिकी सरकारच्या आरोग्य सेवेतल्या आर्थर स्टिम्सन या डॉक्टरने त्यांतल्या एका रुग्णाच्या मूत्रपिंडाचे पातळ काप चांदीच्या क्षाराने रंगवून पाहिले. ही पद्धत तेव्हा नवी होती. सिफिलिसचे मळसूत्री जंतू साध्या रंगांना दाद देत नसत, म्हणून ती निघाली होती. चांदीने पेशी पिवळट-तपकिरी दिसतात आणि जंतू असलेच तर काळेभोर उठून येतात. स्टिम्सनला ते दिसले, मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नळ्यांच्या आत. बारीक, वेटोळे घेतलेले आणि टोकाला आकडा वळलेले. आकार प्रश्नचिन्हाचा, म्हणून त्याने नावही तसेच दिले: इंटरॉगन्स. एक छोटे टिपण छापून आले आणि विसरले गेले.

त्या माणसाला पिवळा ताप झालेलाच नव्हता. त्याला जे झाले होते त्याला आज आपण लेप्टोस्पायरोसिस म्हणतो, मुंबईत आणि कोकणात नुसते ‘लेप्टो’. पावसाळा आला की वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर डेंग्यू-मलेरियाच्या शेजारी ज्याचे आकडे असतात तोच हा रोग. या जंतूचे माणसाच्या शरीरातले पहिले दर्शन मूत्रपिंडात झाले, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कारण पुढची शंभर वर्षे वैद्यक या रोगाकडे कावीळ म्हणून, ताप म्हणून, रक्तस्राव म्हणून पाहत राहिले. मूत्रपिंडाचे काय झाले, हे रोगी बरा होऊन घरी गेल्यावर विचारायची पद्धतच पडली नाही.

खरे तर मूत्रपिंड पहिल्या वर्णनापासून समोर होते. १८८६ मध्ये हायडेलबर्गच्या आडोल्फ वाइल यांनी चार रुग्णांची हकीगत प्रसिद्ध केली. एकाएकी चढलेला ताप, वाढलेली प्लीहा, कावीळ आणि मूत्रपिंडाचा दाह, असा तो रोग होता. दाहाचा उल्लेख लेखाच्या शीर्षकातच होता. पण वैद्यकीय व्यवहारात लक्षात राहिली ती कावीळ. ती नजरेत भरते, डोळ्यांत दिसते. मूत्रपिंड बिचारे पाठीशी दडलेले. पुढच्याच वर्षी या रोगाला वाइलचे नाव मिळाले. वाइल स्वतः मात्र तोवर अध्यापनातून बाहेर पडण्याच्या बेतात होते. डॉर्पाटला प्राध्यापकी मिळाली आणि घशाच्या क्षयाने आवाज गेला. शिकवायचे कसे? नोकरी सोडावी लागली.

जंतू सापडला तो जपानमध्ये. क्यूशू बेटावर कोळशाच्या खाणी होत्या आणि त्यांतल्या मजुरांना तापाची, काविळीची बाधा होत असे. फुकुओकाच्या विद्यापीठात र्‍योकिची इनादा आणि युताका इदो हे दोघे आपल्या सहकाऱ्यांसह या आजाराच्या मागे लागले. त्यांनी रुग्णांचे रक्त गिनीपिगांना टोचले. गिनीपिग पिवळे पडून मेले आणि त्यांच्या यकृतात वळवळणारे मळसूत्री जंतू दिसले. हे १९१४-१५ मधले काम. १९१६ मध्ये ते इंग्रजीत छापून आले. त्याच सुमारास फ्रान्सच्या रणभूमीवर, पाणी साचलेल्या खंदकांत बसलेल्या जर्मन सैनिकांना हाच रोग होत होता. तिकडे उलेनहूट-फ्रोमे आणि ह्यूबनर-रायटर या दोन जर्मन जोड्यांनी १९१५ मध्ये तोच जंतू स्वतंत्रपणे गाठला. युद्धामुळे एकमेकांच्या कामाची वार्ता पोचत नव्हती, आणि पोचली तेव्हा श्रेयाची ओढाताण झाली. यातला हान्स रायटर पुढे नाझी राजवटीत जर्मनीच्या आरोग्य खात्याचा प्रमुख झाला. वैद्यकाच्या इतिहासात अशी माणसे भेटतात आणि त्यांच्या शोधाचे करायचे काय ते कळत नाही.

जपानी मंडळींचे काम अधिक खोल होते. त्यांनी जंतू कुठे राहतो ते शोधले. खाणीतल्या ओल्या भागात काम करणाऱ्यांना रोग जास्त होतो, कोरड्या भागात कमी, हे त्यांनी पाहिले आणि साचलेले पाणी उपसून टाकण्याचा आग्रह धरला. मग १९१७ मध्ये इदो आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या मूत्रपिंडांत डोकावून पाहिले. तिथे जंतू भरपूर होते. उंदीर मात्र ठणठणीत! जंतू मूत्रपिंडाच्या नळ्यांत बिऱ्हाड थाटून राहतो, लघवीवाटे बाहेर पडतो आणि ओलसर मातीत, साचलेल्या पाण्यात तग धरतो. पायाला भेग असली, खरचटले असले किंवा बोटांमध्ये चिखल्या झाल्या असल्या, की माणसाच्या अंगात शिरतो. जपानी शेतकऱ्यांना भातशेतीच्या हंगामात येणारा ‘सात दिवसांचा ताप’ याच जातकुळीतला निघाला. त्याचा वाहक शेतातला छोटा उंदीर होता.

याच लोकांनी आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवली होती. बऱ्या होत चाललेल्या रुग्णांच्या लघवीतूनही जंतू कित्येक आठवडे पडत राहतात. ताप गेला, कावीळ उतरली, माणूस उठून बसला. रक्तात जंतू उरला नाही, तरी मूत्रपिंडात तो आहेच. ही नोंद तेव्हा संसर्ग टाळण्याच्या दृष्टीने वाचली गेली. रुग्णाची लघवी जपून हाताळा, एवढाच तिचा अर्थ लावला गेला. इतके आठवडे जंतू ज्या अवयवात ठाण मांडून बसला त्या अवयवाचे पुढे काय, हा प्रश्न त्या नोंदीतच होता. तो कोणी उचलला नाही.

त्याऐवजी गाडी भलत्याच रुळावर गेली, आणि ती नेणारा माणूस असा-तसा नव्हता. हिदेयो नोगुची. जपानच्या फुकुशिमा भागातल्या गरीब घरात १८७६ साली जन्मलेला, लहानपणी शेगडीत पडून डावा हात भाजलेला, आणि पुढे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये जगभर नाव कमावलेला जंतुशास्त्रज्ञ. ‘लेप्टोस्पायरा’ हे नाव त्यानेच दिले. १९१८ मध्ये तो इक्वेडोरच्या ग्वायाकिल बंदरात पिवळ्या तापाचे कारण शोधायला गेला. तिथल्या रुग्णांच्या रक्तातून त्याला लेप्टोस्पायरा मिळाला आणि हाच पिवळ्या तापाचा जंतू, असे त्याने जाहीर केले. त्याची लसही बनली, ती टोचलीही गेली. घडले होते ते न्यू ऑर्लिन्सच्या अगदी उलट. तिथे पिवळ्या तापाच्या नावाखाली लेप्टो मिळाला होता. इथे बहुधा लेप्टोचे रुग्ण पिवळ्या तापाच्या खाटांवर होते आणि नोगुचीने एकावरून दुसऱ्याचा निकाल लावला. दोन्ही रोगांत ताप, दोन्हींत कावीळ, दोन्हींत रक्तस्राव, आणि दोन्ही बंदरात, पावसात, गरिबांच्या वस्तीत. हार्वर्डमध्ये मॅक्स थाइलर यांनी सहकाऱ्यासह दाखवून दिले की नोगुचीचा जंतू आणि वाइलच्या रोगाचा जंतू एकच आहेत. पिवळा ताप हा विषाणूचा रोग हेही आफ्रिकेतल्या कामातून स्पष्ट होत गेले. नोगुची हट्टाने अक्राला गेला, आपले म्हणणे पुन्हा तपासायला. २१ मे १९२८ रोजी तिथेच तो पिवळ्या तापाने वारला. थाइलर यांना पुढे पिवळ्या तापाच्या लसीबद्दल १९५१ चे नोबेल मिळाले. नोगुचीचा चेहरा २००४ पासून वीस वर्षे जपानच्या हजार येनच्या नोटेवर होता.

या प्रकरणाची किंमत लेप्टोस्पायराला मोजावी लागली असे मला वाटते. पिवळ्या तापाचे वलय निघाल्यावर तो एक किरकोळ, व्यवसायजन्य रोग होऊन बसला. खाणकामगारांचा, गटार साफ करणाऱ्यांचा, कसायांचा, मासे साफ करणाऱ्यांचा. ज्यांना बरे झाल्यावर परत तपासायला बोलवावे असे कोणाला वाटत नाही, अशांचा.

आपल्याकडची पहिली ठळक नोंद अंदमानातली. मराठी वाचकाला अंदमान म्हटले की सेल्युलर जेल आठवतो. सावरकर बंधू, कोलू, कोठडी. पण काळ्या पाण्याची शिक्षा भोगणाऱ्यांतले पुष्कळजण तुरुंगाच्या भिंतींबाहेर राबत होते. जंगल तोडायचे, दलदल हटवायची, भाताची खाचरे तयार करायची. १८५८ पासून ही वसाहत अशीच उभी राहत गेली. त्या ओल्या जंगलात बंद्यांना ताप येत, काहींना कावीळ होत असे, आणि मलेरियाचा देश म्हणून सगळे मलेरियाच्या खात्यावर मांडले जाई. टेलर आणि गॉयल या दोघा डॉक्टरांनी पोर्ट ब्लेअरला राहून या तापांची छाननी केली आणि १९३१ मध्ये त्यांचा ‘अंदमानातील लेप्टोस्पायरोसिस’ हा विस्तृत अहवाल आला. रुग्णांच्या रक्तातून त्यांनी जंतू वाढवले. त्यांतल्या एका प्रकाराला आजही ‘अंदमाना’ म्हणतात. जगभरच्या प्रयोगशाळांच्या यादीत ते नाव आहे. ज्या बंद्यांच्या रक्तातून ही वाणे मिळाली त्यांचे पुढे काय झाले, याचा माग कोण ठेवणार? जन्मठेपेच्या कैद्याची लघवी दहा वर्षांनी तपासावी असे त्या काळी कोणाच्या स्वप्नातही आले नसेल.

अहवाल कपाटात गेला आणि रोग अंदमानातच राहिला. १९८८ च्या सुमारास तिथे पावसाळ्यानंतर तरुण माणसे ताप येऊन खोकल्यातून रक्त पडून दगावू लागली. डॉक्टरांनी त्याला ‘अंदमान रक्तस्रावी ताप’ असे नाव दिले, कारण काही नाव तर द्यायला हवे. हा विषाणूचा नवा रोग असावा असे वाटत होते. पोर्ट ब्लेअरला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे केंद्र आहे. तिथल्या सेहगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर अंदमानातल्या दिगलीपूरच्या रुग्णांचे नमुने तपासले तेव्हा कळले की हा टेलर-गॉयल यांचाच जुना पाहुणा. साठ वर्षांची विस्मृती, तीही त्याच बेटावर.

मधल्या काळात ऑस्ट्रेलियात मात्र मजुरांनीच या रोगाची दखल घ्यायला लावली, आणि ती हकीगत ऊस पिकवणाऱ्या महाराष्ट्राने वाचावी अशी आहे. १९३३-३४ मध्ये क्वीन्सलंडच्या इंगम भागात ऊसतोड कामगारांना वाइलचा रोग होऊ लागला. कारण लगेच कळले. फडात उंदीर माजलेले, उसाच्या पाल्यावर आणि जमिनीवर त्यांची लघवी, आणि कोयता चालवणाऱ्यांचे हात पाल्याने चिरलेले. उपायही साधा होता: तोडणीआधी फड पेटवायचा. पाला जळतो, उंदीर पळतात. पण जळीत उसाला मळेवाल्यांना भाव कमी मिळे, म्हणून त्यांचा विरोध. आपल्याकडेही जळीत उसाच्या बिलात कपात होते. हे गणित काही नवे नाही. १९३४ मध्ये इंगमला संप झाला आणि न्यायालयाने फड पेटवण्याचा हुकूम दिला. दुसऱ्या वर्षी इतर भागांनी तीच मागणी केली. ती मान्य होईना, तेव्हा १९३५ मध्ये कित्येक आठवडे संप चालला. तो कामगारांच्या अधिकृत संघटनेच्या मर्जीविरुद्ध होता. लेखिका जीन डेव्हनी यांनी त्यावर ‘शुगर हेवन’ ही कादंबरी लिहिली. संप मोडला, पण फड पेटवून ऊस तोडण्याची रीत पुढे रूढ होत गेली. एका जंतूवरून औद्योगिक संप झाल्याचे उदाहरण मला तरी दुसरे आठवत नाही.

आता मूत्रपिंडाकडे येतो. १९४० पर्यंत मूत्रपिंड निकामी होणे म्हणजे बहुधा मृत्यूच. लेप्टोने ज्याची लघवी बंद झाली तो बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत जाई. त्यामुळे ‘लेप्टोनंतरचे मूत्रपिंड’ असा विषयच उद्भवत नव्हता; सौम्य आजारी घरी जात, तीव्र आजारी स्मशानात. १९४३ मध्ये विलेम कोल्फ यांनी हॉलंडमध्ये, जर्मन ताब्यातल्या काम्पेन गावी, डायलिसिसचे पहिले व्यवहारात चालणारे यंत्र बनवले आणि पुढच्या काही दशकांत चित्र पालटले. आता मूत्रपिंड बंद पडूनही माणूस वाचू लागला. वाचलेल्यांचा हिशेब आता कधीतरी करावा लागणार होता.

भारतात ही गोष्ट घडली मद्रासला. १९८० आणि ९० च्या दशकांत तिथल्या मूत्रपिंडतज्ज्ञांकडे पावसाळ्यात अचानक मूत्रपिंड निकामी झालेले, डोळे पिवळे-लाल झालेले रुग्ण येत. त्यांतले पुष्कळजण लेप्टोचे आहेत, हे मुथुसेतुपती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. ताप आणि काविळीच्या मागे असलेला रोग डायलिसिस विभागातून ओळखला जावा, यात मला न्याय वाटतो. त्यांना रुग्ण समोर दिसत होता, आणि त्या रुग्णात एक खोड होती. मूत्रपिंड निकामी झाले की रक्तातले पोटॅशियम वाढते आणि लघवी आटते, हा नेहमीचा नियम. लेप्टोत मात्र अनेकदा लघवी भरपूर होत राहते आणि पोटॅशियम उलट घसरते. जंतू मूत्रपिंडाच्या नळ्यांच्या सुरुवातीच्या भागावर घाव घालतो, तिथे सोडियम शोषून घेण्याचे काम मंदावते. ते सोडियम पुढच्या भागात वाहत जाते आणि तिथे त्याच्या मोबदल्यात पोटॅशियम लघवीतून निघून जाते. सराईत डॉक्टर रक्ताचा हा अहवाल पाहून पावसाळ्यात तपासणीआधीच लेप्टोचा संशय घेतो.

मग मुंबई. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मिठी नदी, नाले, गटारे, तबेल्यांचे शेण-मूत, मेलेली जनावरे, सगळे एका पाण्यात आले आणि लाखो माणसे त्या पाण्यातून कंबरभर चालत घरी गेली. कार्यालयातून निघालेली, एका हातात चपला आणि दुसऱ्या हातात डबा धरलेली माणसे. अनवाणी चालण्याचा तो निर्णय सगळ्यांनी सहज घेतला, कारण चपला वाहून जात होत्या. लेप्टोची लक्षणे साधारण आठवड्या-दोन आठवड्यांनी दिसतात. ऑगस्टमध्ये वॉर्ड भरले. त्या पावसाने शहराला ‘लेप्टो’ हा शब्द शिकवला. पाण्यातून चालला असाल तर बहात्तर तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लिन घ्या, ही सूचना आता महापालिका दर मोठ्या पावसानंतर काढते. त्या गोळीचा पुरावा पनामाच्या जंगलातला आहे. १९८२ मध्ये तिथे प्रशिक्षणाला गेलेल्या ९४० अमेरिकी सैनिकांपैकी निम्म्यांना आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन दिले, निम्म्यांना औषध नसलेली नुसती गोळी. औषध घेतलेल्यांत एकाला लेप्टो झाला, न घेतलेल्यांत वीस जणांना.

इथवरच्या कथेत मूत्रपिंड हा एक प्रसंग आहे. बिघडले, डायलिसिस झाले, सुधारले. पाठ्यपुस्तके तसेच सांगत आली, आणि बहुतेकांच्या बाबतीत ते खरेच आहे. लेप्टोतून उठलेल्या बहुतेकांचे मूत्रपिंड काही आठवड्यांत पूर्ववत होते. ‘बहुतेक’ या आसऱ्याखाली जे उरतात त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिले ते तैवानमध्ये. याला कारण होते. डायलिसिसवर असलेल्या लोकांचे प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या देशांत तैवान मोडतो. तिथे मधुमेह आहे, रक्तदाब आहे, मूत्रपिंडाला घातक ठरलेल्या काही पारंपरिक वनौषधींचा वापर झाला आहे. तरी हिशेब पुरा जुळत नव्हता. चांग गुंग रुग्णालयातले मूत्रपिंडतज्ज्ञ यांग चिह-वेई यांनी वीसेक वर्षे लेप्टोच्या जंतूचा पिच्छा पुरवला. त्यांच्या प्रयोगशाळेने दाखवले की जंतू जिवंत असण्याचीही गरज नाही. त्याच्या बाह्य आवरणातली प्रथिने, विशेषतः ‘लिपएल३२’, मूत्रपिंडाच्या नळीतल्या पेशींना स्पर्श करताच त्या पेशी दाहाचे संदेश सोडू लागतात. दाह रेंगाळला की तंतू साचतात, आणि तंतू साचलेला भाग परत मूत्रपिंड होत नाही.

ऑगस्ट २००९ मध्ये मोराकोट हे वादळ दक्षिण तैवानवर आदळले. आलिशानच्या डोंगरात काही दिवसांत २७०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, शिआओलिन गाव दरडीखाली गाडले गेले, सातशेच्या आसपास माणसे गेली. दक्षिण तैवानमध्ये यांग यांच्या गटाने ३०४५ लोकांची पाहणी केली होती. रक्तात लेप्टोविरोधी प्रतिपिंडे आहेत का आणि मूत्रपिंड किती चालते, हे त्यांनी तपासले. ज्यांना कधीतरी लेप्टोची बाधा झाली होती, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना ती झाल्याचे आठवतही नव्हते. बाधा झालेल्यांत मूत्रपिंडाचा बऱ्यापैकी पुढे गेलेला जुनाट विकार १४.४ टक्के होता, बाधा न झालेल्यांत ८.५ टक्के. पुरानंतर प्रतिपिंडांची पातळी खूप चढलेल्या ८८ जणांवर दोन वर्षे नजर ठेवली. ज्यांची पातळी उतरलीच नाही त्यांचे मूत्रपिंड अधिक खालावले. आधीच मूत्रपिंड दुबळे केलेल्या उंदरांना थोडेसेच जंतू दिले तेव्हा तंतू जास्त साचले. हे सारे २०१५ मध्ये छापून आले.

यावरून किती बोलावे? सरासरी कार्यक्षमतेतला फरक दोन-अडीच अंकांचाच होता, म्हणजे एका माणसात तो जाणवणारही नाही. शिवाय एकाच वेळी केलेल्या पाहणीतून आधी काय आणि नंतर काय हे सिद्ध होत नाही. चिखलात राबणारा माणूस गरीब असतो, उन्हात असतो, पाणी कमी पितो, अंग दुखले की दुकानातून गोळी आणतो. यांतले प्रत्येक मूत्रपिंडाला जाचते. श्रीलंकेत लेप्टोने मूत्रपिंड बिघडलेल्या ४४ जणांचा वर्षभर पाठपुरावा झाला, त्यांतल्या चौघांचे मूत्रपिंड पूर्ववत झाले नव्हते. संख्या लहान, पण चौघे म्हणजे चौघे. पेरूच्या ॲमेझॉन खोऱ्यात काही धडधाकट माणसांच्या लघवीत लेप्टोचा अंश सापडला आहे. उंदरासारखेच माणसाच्या मूत्रपिंडातही ते बिऱ्हाड मुक्कामाला राहू शकते, एवढे तरी त्यावरून म्हणता येईल.

आणि एक मोठे कोडे मध्य अमेरिकेतले. २००२ मध्ये एल साल्वादोरच्या डॉक्टरांनी लिहिले की डायलिसिसच्या टप्प्यावर येणाऱ्या नव्या रुग्णांतल्या बहुसंख्यांना मधुमेह नाही, रक्तदाब नाही. किनाऱ्यालगतचे, शेतात राबणारे पुरुष, कित्येक अगदी तरुण. निकाराग्वात चिचिगाल्पाजवळच्या एका वस्तीला लोक ‘विधवांचे बेट’ म्हणतात, कारण ऊस तोडणारे नवरे मूत्रपिंडाच्या विकाराने गेले. संशयितांच्या यादीत लेप्टो आहे, तसे कीटकनाशक आहे. आज सर्वांत जोर आहे तो उष्म्यावर. भर उन्हात ढोर मेहनत आणि पुरेसे पाणी नाही. लेप्टोवर बोट ठेवता येईल असा पुरावा तिथे मिळालेला नाही. माझे मत विचाराल तर एका संशयितावर खटला चालवण्याचा हट्ट इथे उपयोगाचा नाही. आधीच थकलेल्या मूत्रपिंडावर जंतूचा एक घाव बसला तर नुकसान वाढते, हे तैवानच्या उंदरांनी दाखवलेलेच आहे. श्रीलंकेच्या उत्तर-मध्य प्रांतातले आणि आपल्या आंध्रातल्या उद्दानमचे शेतकरीही मूत्रपिंडाच्या अशाच न उलगडलेल्या विकाराशी झुंजत आहेत.

जगात दर वर्षी दहा लाखांच्या वर लोकांना तीव्र लेप्टो होतो आणि सुमारे ५९ हजार दगावतात, असा २०१५ मधला एक अंदाज आहे. उरतात साडेनऊ लाखांहून अधिक. मूत्रपिंडाचा विकार जुनाट झाला असे म्हणायला तीन महिने जावे लागतात, आणि त्याची चाचणी साधी आहे: रक्तातले क्रिएटिनिन, लघवीतले प्रथिन. जुलैच्या लावणीत आजारी पडून सुटलेल्या कोकणातल्या माणसाची ही तपासणी ऑक्टोबरच्या अखेरीला यायला हवी. तेव्हा कापणी, झोडणी चालू असते, मजूर मिळत नसतो, आणि ताप तर केव्हाच गेलेला असतो. तालुक्याच्या दवाखान्यात रक्त द्यायला एक दिवस मोडायचा म्हणजे एक दिवसाची मजुरी मोडायची, वर एसटीचे भाडे. डिस्चार्ज कार्डावर पुढच्या तपासणीची तारीख डॉक्टरने लिहिली असेल तर गोष्ट निदान तिथवर पोचते. नसेल तर त्या मूत्रपिंडाची खबर पाय सुजल्यावरच लागते.